शीर्षकपानामागची ओळ : आपली पुस्तके आधी कोणी छापली?

परवा अमरावतीच्या एका तरुण कार्यकर्त्याने मोबाइलवर दोन फोटो पाठवले. खाली लिहिले होते, "भाऊ, जयभीम. हे पयली आवृत्ती हाये काय? एक जन पंधरा हजार देतो म्हन्ते." पुस्तक बाबासाहेबांचे 'हू वेअर द शूद्राज?'. पहिल्या फोटोत शीर्षकपान, त्यावर ठळक १९४६. दुसऱ्या फोटोत त्याच पानाची मागची बाजू. तिथे प्रकाशकाचा पत्ता होता आणि पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड.

मी त्याला एवढेच कळवले की भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. १९४६ साली छापलेल्या पुस्तकावर तो येईलच कसा? या ग्रंथाची पहिली आवृत्ती मुंबईच्या थॅकर आणि कंपनीने काढली होती आणि बाबासाहेबांनी प्रस्तावनेखाली १० ऑक्टोबर १९४६ ही तारीख घातली होती. नंतरच्या प्रकाशकाने जुने शीर्षकपान जसेच्या तसे उचलले, मागच्या बाजूला मात्र स्वतःचा पत्ता टाकला. विकायचे असेल तर हे सांगून विक, असेही लिहिले.

त्याचे उत्तर आले, "मंग या प्रतीची काहीच किंमत नाई काय?"

हा प्रश्न मला पंधरा हजारांच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. म्हणून हा लेख.

आपल्यातले काही जण म्हणतील, पहिली आवृत्ती शोधणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे. काचेच्या कपाटात पुस्तक ठेवायचे आणि पाहुण्यांना दाखवायचे. आपल्याला विचार महत्त्वाचा, कागद नाही. दीक्षाभूमीवर दहा-वीस रुपयांत मिळणाऱ्या पुस्तिकेतही तोच विचार असतो. यात अर्धे सत्य आहे. त्या स्वस्त पुस्तिकांनी जे काम केले ते कोणत्याही विद्यापीठाने केलेले नाही आणि त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पण उरलेले अर्धे सत्य असे की विचार कोणत्या साली, कोणाच्या पैशाने, कोणाच्या छापखान्यातून आणि कोणाच्या विरोधाला तोंड देत बाहेर आला, हे त्या एका ओळीतच लिहिलेले असते. जमिनीच्या वादात आपण सातबारा मागतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र मुखपृष्ठावरचा फोटो पाहून समाधान मानतो.

याचा तोटा काय होतो ते पाहा. परिसंवादात एखादा विद्यार्थी निबंध वाचतो आणि संदर्भ देतो, 'आंबेडकर, १९७९' किंवा 'आंबेडकर, २०१४'. त्याने वाचलेली असते शासनाच्या खंडाची पीडीएफ. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने इंग्रजी खंडांपैकी पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रकाशित केला, वसंत मून यांच्या संपादनाखाली. पुढे दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानाने २०१४ साली हे खंड पुन्हा छापले. संदर्भ चुकीचा नाही, पण त्यामुळे १९३६ सालचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' जणू शासनाच्या कृपेने १९७९ साली जन्माला आले असे चित्र तयार होते. मधली त्रेचाळीस वर्षे गायब. आणि त्या त्रेचाळीस वर्षांत हे पुस्तक ज्यांनी जिवंत ठेवले तेही गायब.

आता ही ओळ पुस्तकावर आली कशी, ते सांगितले पाहिजे. १८५७ च्या उठावाने धास्तावलेल्या इंग्रजांना देशी भाषांत काय छापले जाते यावर नजर ठेवायची होती. १८६७ साली त्यांनी छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांचा पंचविसावा कायदा केला. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण, तसेच प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनाचे ठिकाण वाचता येईल असे छापणे सक्तीचे झाले. प्रती सरकारकडे जमा करायच्या. सरकार त्यांची यादी करणार. त्या यादीत पुस्तकाची भाषा, लेखक, पाने, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती, टाइपात की शिळाछापावर, किंमत किती, हे सगळे रकाने. हेतू पाळतीचा होता. पण ज्या समाजाची पुस्तके कोणत्याही प्रतिष्ठित कपाटात ठेवली जात नव्हती, त्या समाजाच्या पुस्तकांची नोंदही या पाळतीच्या वहीत झाली. 'हे पुस्तक सोवळ्यात बसत नाही' म्हणून कारकुनाला ते वगळता येत नव्हते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या वऱ्हाडातलेच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे. १८८२ साली ताराबाईंचे 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आले. छापखाना पुण्याचा, श्री शिवाजी प्रेस. प्रती पाचशे. किंमत नऊ आणे. बुलढाण्याची बाई, वऱ्हाडातला अनुभव, पण छापायला पुणे गाठावे लागले, हे त्या एका ओळीत दिसते. पुस्तकावर इतकी टीका झाली की जोतीराव फुल्यांना १८८५ च्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर पुस्तक विस्मरणात गेले. कुठल्या वाङ्मयेतिहासात त्याला जागा नाही. थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. म्हणजे त्र्याण्णव वर्षे! पाचशे प्रतींपैकी ज्या थोड्या उरल्या त्यातली एखादी जर त्या वर्षांत रद्दीत गेली असती, तर आज स्त्रीवादाच्या अभ्यासक्रमात पहिले नाव म्हणून जे शिकवले जाते ते नावच नसते. १९७५ ची आवृत्ती सहज मिळते. १८८२ ची प्रत वऱ्हाडातल्या किती जुन्या वाड्यांत, किती वाचनालयांच्या माळ्यावर होती आणि कधी गेली, याचा शोध कोणी घेतलेला नाही. बुलढाण्यातच एखादी पडून असेल, असे मला अजूनही वाटते.

जुने मराठी पुस्तक हातात आले तर सालाचा घोळ आधी होतो. १८८२ असे न लिहिता शके १८०४ लिहिलेले असते. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा, इसवी सन येतो; वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकोणऐंशी. अनेक जण शके १८०४ वाचून 'अरे, पेशवाईतले पुस्तक!' म्हणून नाचतात. दुसरे, काही पुस्तकांना तुम्ही ज्या सालाची पहिली आवृत्ती समजता ती आवृत्तीच नसते. 'शेतकऱ्याचा असूड' जोतीरावांनी १८८३ साली लिहून पूर्ण केला. त्याची सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधु'त आली आणि पुढे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी छापणे थांबवले. पुस्तक म्हणून ते लेखकाच्या हयातीत पूर्ण आलेच नाही. धनंजय कीर आणि मालशे यांनी संपादित केलेल्या १९६९ च्या समग्र वाङ्मयातून ते घरोघरी पोचले. तेव्हा कोणी 'असूड'ची १८८३ ची छापील पहिली आवृत्ती विकायला आणली तर चहा पाजून परत पाठवा. आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ चे आहे, जोतीराव गेल्यानंतरचे. ते त्यांचे पुत्र यशवंत यांनी प्रसिद्ध केले. बापाच्या मागे मुलाने पुस्तक काढले, हेही त्या ओळीनेच सांगितले.

बाबासाहेबांच्या पुस्तकांची प्रकाशकांनुसार मांडणी केली की त्यांच्या आयुष्याचा एक वेगळाच नकाशा उभा राहतो. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ आणि 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' १९२५, दोन्ही लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांची. अर्थशास्त्र आणि राज्यकारभारावरची पुस्तके काढणारे हे नाव. त्यावर कोणी 'अस्पृश्य लेखक' म्हणून बोट ठेवले नाही. पहिल्याला एडविन कॅनन यांची आणि दुसऱ्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. त्यानंतर अकरा वर्षांनी हाच माणूस जातीवर लिहितो तेव्हा काय होते?

१९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण वाचले, घाबरले, बदल सुचवले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, पंधराशे प्रती, किंमत आठ आणे. या किमतीची गंमत, खरे तर संताप आणणारी गोष्ट अशी की गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या पुस्तकावर लिहिताना किमतीवरही बोट ठेवले आणि ती दोन आणे, निदान चार आणे तरी करावी असे सुचवले. ज्याचे व्यासपीठ काढून घेतले, ज्याने पदरचे पैसे घालून पुस्तक छापले, त्याला स्वस्त विकण्याचा सल्ला! आणि ती आठ आण्यांची आवृत्ती दोन महिन्यांत संपली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींना दिलेले उत्तर आले. म्हणून तुमच्या हातातल्या प्रतीत ते उत्तर असेल तर ती पहिली आवृत्ती असूच शकत नाही, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेले असो.

तिसरी आवृत्ती १९४४ ची. तिच्या प्रस्तावनेत बाबासाहेब काय सांगतात? 'कास्ट्स इन इंडिया' हा जुना निबंध यात मिसळून पुस्तक नव्याने लिहायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही, त्यामुळे हे दुसऱ्या आवृत्तीचे केवळ पुनर्मुद्रण आहे. प्रस्तावनेखाली पत्ता, २२ पृथ्वीराज रोड, नवी दिल्ली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेला माणूस इतक्या धावपळीत वाचकाला प्रामाणिकपणे सांगतो की यात नवे काही नाही. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातला फरक त्यांनी इतका काटेकोरपणे पाळला. आवृत्ती म्हणजे मजकुरात बदल, भर, दुरुस्ती. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणे. आज आपल्याकडे 'सुधारित बारावी आवृत्ती' असे छापतात आणि आत अकराव्या आवृत्तीतल्याच चुका असतात. कोणाचे नाव घेत नाही. आपलेच लोक आहेत.

चाळीसच्या दशकात थॅकर आणि कंपनी, रॅम्पार्ट रो, मुंबई, हे नाव पुन्हा पुन्हा दिसते. 'थॉट्स ऑन पाकिस्तान', 'रानडे, गांधी अँड जिना', 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स', 'हू वेअर द शूद्राज?', 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक या नावाशी याची गल्लत करू नका. इथे दोन फसव्या जागा आहेत. 'थॉट्स ऑन पाकिस्तान'ची प्रस्तावना २८ डिसेंबर १९४० ची, त्यामुळे कोणी १९४० लिहितो, कोणी १९४१, आणि त्यावरून वाद घालतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रस्तावनेवर सही झालेले पुस्तक दुकानात कधी आले असेल याचा विचार केला की वाद मिटतो. खरी फसगत पुढे आहे. १९४५ साली त्याचीच वाढवलेली दुसरी आवृत्ती 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' या नावाने आली. नाव नवे, म्हणून ती नव्या पुस्तकाची पहिली आवृत्ती समजून विकली जाते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चेही तसेच. १९४७ साली थॅकरने ते 'हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग, खंड पहिला' म्हणून काढले. ग्रंथालयाच्या यादीत ही दोन वेगळी पुस्तके म्हणून नोंदलेली मी पाहिली आहेत.

मग १९४८. 'द अनटचेबल्स' हे पुस्तक दिल्लीच्या अमृत बुक कंपनीचे. नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलेले. लेखक दिल्लीत, कायदामंत्री, घटनेच्या मसुद्यात बुडालेला, प्रकाशकही दिल्लीचा. आणि १९५५ चे 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स', ज्यात त्यांनी एका मराठी राज्याऐवजी चार भाग सुचवले आणि आपला वऱ्हाड पूर्व महाराष्ट्रात घातला. विदर्भाच्या चर्चेत ज्यांना त्यांचे नाव घ्यायचे असते त्यांनी १९४८ ची 'महाराष्ट्र ॲज अ लिंग्विस्टिक प्रॉव्हिन्स' आणि १९५५ ची ही पुस्तिका, दोन्हींची साले पाहून मगच घ्यावे. दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीची एकच वाचतात.

पण पहिली आवृत्ती म्हणजे सर्वांत पूर्ण आवृत्ती, असेही समजू नका. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनमालेतून आला. त्यासाठी बाबासाहेबांनी लिहिलेली प्रस्तावना त्या पहिल्या आवृत्तीत नव्हती. तिच्यात त्यांनी आजारपणात साथ देणाऱ्या पत्नीचे आणि डॉक्टरांचे ऋण मानले होते. ती वाचकांसमोर आली १९८० साली, भगवान दास यांच्या प्रयत्नाने, जालंधरच्या भीम पत्रिका प्रकाशनातून. एका मोठ्या संस्थेच्या पुस्तकात जे राहून गेले ते पंजाबातल्या एका छोट्या आंबेडकरी प्रकाशनाने दिले.

दुसरे उदाहरण अमरावतीच्या जिव्हारी लागणारे आहे. 'रिडल्स इन हिंदुइझम' हे बाबासाहेबांच्या हयातीत छापले गेलेच नव्हते. त्याची पहिली आवृत्ती म्हणजे शासनाचा चौथा खंड, १९८७ चा. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले. १९८८ च्या जानेवारीत अमरावतीत या खंडाची होळी झाली. ज्या गावात १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली, त्याच गावात साठ वर्षांनी त्यांचा ग्रंथ जाळला गेला. फेब्रुवारीत मुंबईत आपल्या लोकांचा महाप्रचंड मोर्चा निघाला. मजकूर वगळू दिला नाही. तडजोड अशी झाली की त्या भागाला शासनाची सहमती नसल्याची एक टीप आली. आजच्या सर्व पीडीएफमध्ये ती आहे. आता तुमच्या विहारातला चौथा खंड काढा आणि ते परिशिष्ट उघडा. टीप नसेल तर तुमच्या हातात वादाच्या आधीची प्रत असण्याची शक्यता मोठी आहे. ती प्रत कोणत्याही दराने विकू नका. एका ओळीच्या असण्या-नसण्यात १९८८ चा सगळा लढा आहे.

आता ज्यासाठी हे सगळे लिहितो आहे तिथे येतो. शासनाने १९७९ साली खंड काढायला सुरुवात केली याचे श्रेय वसंत मून यांना आणि चळवळीच्या रेट्याला आहेच. पण त्याआधी? जालंधरहून भगवान दास यांनी संपादित केलेले 'दस स्पोक आंबेडकर' १९६३ पासून येत होते. नागपूरला मा. फ. गांजरे यांनी बाबासाहेबांची मराठी भाषणे सत्तरच्या दशकात पुस्तकरूपाने आणली, अशोक प्रकाशन, नागपूर. 'बहिष्कृत भारत'मधले अग्रलेख रत्नाकर गणवीर यांनी १९७६ साली एकत्र केले. प्रकाशन कुठले? रत्नमित्र प्रकाशन, भुसावळ. शासनाने 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' एकत्र छापले ते १९९० साली. चौदा वर्षे आधी भुसावळच्या एका कार्यकर्त्याने ते काम केले होते. अकोल्याहून रेल्वेने दोन-अडीच तासांवरचे भुसावळ! पुणे-मुंबईच्या कोणत्याही नामवंत प्रकाशकाच्या यादीत तेव्हा हे अग्रलेख नव्हते. त्याही आधी नागपूरला किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना काढून पत्रे चालवली होती.

ही नावे कोठे टिकतात? फक्त शीर्षकपानावर आणि त्याच्या मागे. लेखक बाबासाहेब आहेत, त्यामुळे पुस्तकाचा मजकूर कुठूनही मिळेल. पण भुसावळ, नागपूर, जालंधर ही ओळ त्या विशिष्ट प्रतीतच आहे. ती फाटली की 'आमचे साहित्य सरकारने वाचवले' हेच खरे ठरते. आणि सरकारचे काय? २०२१ साली याच खंडांची छपाई रखडल्याची बातमी वृत्तपत्रात आली आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

छापखान्यांचीही तीच गत. बाबासाहेबांनी पैसा पैसा जमवून भारत भूषण छापखाना उभा केला, पुढे तो बुद्ध भूषण झाला. मुद्रक म्हणून ही दोन नावे ज्या कागदावर आहेत तो कागद चळवळीच्या स्वतःच्या यंत्रातून निघालेला आहे. दादरची ती वास्तू २५ जून २०१६ च्या पहाटे पाडली गेली. यंत्र गेले. नाव उरले ते जुन्या अंकांच्या आणि पुस्तिकांच्या शेवटच्या पानावर, बारीक टाइपात.

वऱ्हाडातल्या विहारांत, वाचनालयांत आणि घरांतल्या पेट्यांत काय आहे ते बघायला मी गेली काही वर्षे फिरतो. सर्वांत मोठा शत्रू वाळवी नाही, बाइंडिंगवाला आहे. तो बिचारा पुठ्ठा बसवताना पहिले फाटके पान काढून टाकतो. त्याला कोणी सांगितलेलेच नसते. दुसरा शत्रू स्कॅन करणारे आपलेच उत्साही कार्यकर्ते. मुखपृष्ठ आणि मजकूर घेतात, मधली दोन पाने 'रिकामी' म्हणून सोडतात. एका ग्रंथालयात तर पहिल्या पानावर दाखल क्रमांकाचा शिक्का नेमका प्रकाशकाच्या नावावर मारलेला होता, आणि ओळीने दहा पुस्तकांवर.

शीर्षकपान, त्याची मागची बाजू आणि पुस्तकाचे शेवटचे पान, एवढे तीन फोटो काढा. मुद्रकाचे नाव जुन्या पुस्तकांत अनेकदा शेवटीच असते. साल दिलेले नसेल तरी घाबरू नका, आपल्या वऱ्हाडाचा पत्ता स्वतःच बोलतो. 'उमरावती' असे लिहिले असेल तर ते जुन्या वळणाचे आहे. पत्त्यात 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर १९०३ ते १९५० च्या दरम्यानचे. 'अकोला (म. प्र.)' वाचून हसू नका, २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो. 'मुंबई राज्य' असेल तर १९५६ ते १९६०. किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीचे, 'नवे पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. रुपयाचे नवे चिन्ह असेल तर २०१० नंतरचे, मग कागद चहाच्या पाण्यात बुडवून कितीही पिवळा केलेला असो. हो, असेही करतात.

एक धोका नवीन आहे. १८६७ चा तो कायदा रद्द झाला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि तो नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्याच्या कक्षेतून बाहेर गेली. गोऱ्या साहेबाने पाळतीसाठी घातलेली सक्ती संपली, हे एका अर्थी बरे झाले. पण आपल्या जयंती समित्या, विहार समित्या दरवर्षी शेकडो पुस्तिका काढतात. त्यावर देणगीदारांचे फोटो असतात, सरपंचांच्या शुभेच्छा असतात. साल नसते, मुद्रक नसतो, मूळ पुस्तक कोणत्या आवृत्तीवरून घेतले याचा पत्ता नसतो. पन्नास वर्षांनी आपल्यावर कोणी अभ्यास करायला बसला तर त्याने काय वाचायचे?

त्या अमरावतीच्या तरुणाने ती 'शूद्राज'ची प्रत विकली नाही. त्याने पंधरा हजारवाल्याला पिनकोड दाखवला, तो निघून गेला. ती प्रतही किमतीची आहे, असे मी त्याला सांगितले: सत्तरच्या दशकानंतर कधीतरी, थॅकर नसताना, कोणीतरी हे पुस्तक वाचकांपर्यंत नेले त्याचा तो पुरावा. मागच्या आठवड्यात त्याने आजोबांच्या पेटीतल्या एका पुस्तिकेचे फोटो पाठवले. मुखपृष्ठ नाही, लेखकाचे नाव नाही, साल नाही. वरच्या कोपऱ्यात 'किंमत दोन आणे'. शेवटच्या पानाच्या तळाशी 'अमरावती (म. प्र.)'. या वेळी त्याने मला विचारले नाही, स्वतःच खाली लिहिले, "भाऊ, पन्नास ते छप्पनच्या मधलं हाये." मुद्रकाच्या नावाची पहिली दोन अक्षरे वाळवीने खाल्ली आहेत. उरलेली तीन अक्षरे घेऊन तो सध्या गावातल्या जुन्या छापखानेवाल्यांकडे विचारत फिरतो आहे.